तक्तपोशीच्या फळ्या

५ ऑगस्ट १९५६, रविवार

आज वरणात पुन्हा वरून काहीतरी पडलं. सौ. म्हणाली, जिरं असेल. जिऱ्याला पाय नसतात.

निश्चय केला. दिवाळीच्या आत तक्तपोशी.

सुलतान बाजारातल्या या घरात चौदा वर्षं काढली. डोक्यावर वासे, वाशांवर रिपा, रिपांवर कवेलू आणि त्यापुढे थेट परमेश्वर. मध्ये काही नाही. वारा सुटला की धुळीचा अभिषेक. आतून फळ्या ठोकून छप्पर झाकलं, म्हणजे तक्तपोशी केली, की विषय संपला. सागाच्या फळ्या मी चार वर्षांपूर्वीच आणून ठेवल्या आहेत. निर्मलच्या जंगलातला माल. मागच्या अंगणात रचून ठेवल्यात. सौ. त्यांच्यावर पापड वाळवते.

अडचण एकच. हे जोडघर आहे. पलीकडे मुकुंदराव, सेक्रेटरिएटात महसूल खात्यात हेडक्लार्क, मूळचे नांदेडकडचे. मधली भिंत तुळईपाशी थांबते. तिच्यावर छप्पर दोघांचं एकच. मागच्या खोल्यांवर माळा आहे, तोही एकच. इकडून चढावं आणि तिकडे उतरावं. अर्ध्याच छपराला तक्तपोशी करणं म्हणजे अर्धीच छत्री उघडणं. म्हणून दोघांनी मिळून करायची असं ठरलं आहे. चार वर्षं ठरलेलंच आहे. मुकुंदराव दर वेळी म्हणतात, दिवाळीनंतर बघू. कोणत्या, ते सांगत नाहीत.

आजपासून रोजनिशी. नियम पहिला: स्वतःशी खोटं बोलायचं नाही.

८ ऑगस्ट, बुधवार, संध्याकाळ

पुण्याच्या आमच्या साप्ताहिकासाठी बातमीपत्र लिहिलं. पान तीन, हेडिंग 'मराठवाडा वृत्त', खाली 'आमच्या हैदराबादच्या वार्ताहराकडून'. म्हणजे मी. नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचून पाहिलं. वाक्य कानावर पडल्याशिवाय मला खरं वाटत नाही. पाठशाळेतली सवय.

आजचं मुख्य वाक्य: 'राज्याचे तीन तुकडे होवोत, हैदराबादेतला मराठी माणूस हैदराबाद सोडणार नाही.'

पलीकडून मुकुंदराव खोकले.

हे नेहमीचं आहे. मी वाचतो आणि अमुक एका जागी ते खोकतात. त्यांच्या घशाला धूळ सोसत नाही. योगायोग असा की, ते जिथे खोकतात ते वाक्य नंतर मलाही जड वाटायला लागतं आणि मी ते काढतो. आजचं काढलं नाही.

खोकून झाल्यावर भिंतीवरून म्हणाले, हणमंतराव, ऐकायलात का? आमच्या ऑफिसात ऑप्शन विचारायलेत. कोणत्या राज्यात जाता म्हणून. तर आम्ही असं ठरवायलोय की... मी म्हटलं, उद्या निवांत बोलू, शेवटचा पॅरा राहिलाय. ते म्हणाले, हौ.

तक्तपोशी मुख्यतः या खोकल्यासाठीच हवी. माणसाला शांतपणे लिहिता आलं पाहिजे.

९ ऑगस्ट

मुकुंदरावांशी बोलायचं राहिलं. डाक गाठायची होती.

१५ ऑगस्ट, बुधवार

झेंडावंदन करून आलो. सौ.ने पोहे पुढे ठेवले आणि विचारलं, मराठवाडा मुंबई राज्यात गेला म्हणजे तुमच्या पेपरवाल्यांना हैदराबादची बातमी कशाला लागेल?

तिला शांतपणे समजावून सांगितलं. राज्यं बदलतात, महानगर बदलत नाही. उलट माझं महत्त्व वाढणार. आजवर मी घरचा वार्ताहर होतो, आता परराज्यातला विशेष प्रतिनिधी होईन. पान एकसुद्धा अशक्य नाही.

ती 'हं' म्हणाली. सौ.चे हं अनेक प्रकारचे आहेत. हा दूधवाल्यासाठी राखलेला होता. दूध आमच्या म्हशीचंच आहे असं तो म्हणतो, तेव्हाचा.

सुतार आज येणार होता. आला नाही. निरोप पाठवला, कल आतूं साब.

२६ ऑगस्ट, रविवार

सुतार नाही.

मराठी शाळेतले उत्तमराव मास्तर लातूरकडे निघाले. बायकोच्या माहेरी सहा महिने राहून बघणार म्हणे. जाताना हातगाडीवर एक पाळणा घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, एवढा तुमच्या माळ्यावर राहू द्या, अमानत समजा. पुढेमागे येऊ तेव्हा नेऊ.

मी पाळणा स्वतः वर चढवला. धुतलेला सदरा गेला. पण शिडीवर उभा असतानाच एक तत्त्व सुचलं.

पाठशाळेत तर्क शिकलो त्यात गुरुजी सांगायचे, डोंगरावर धूर दिसला की अग्नी आहे असं समजा. अग्नी डोळ्यांनी दिसायची गरज नाही. तसंच हे. ज्याचं सामान माळ्यावर, तो माणूस गावात. देह लातूरला असेल, तो तपशील. कायमचा जाणारा माणूस पाळणा मागे ठेवील का?

याला 'माळ्याचा सिद्धान्त' असं नाव दिलं. बातमीपत्रात घातला. मोठ्याने वाचला. पलीकडे खोकल्याची मोठी उबळ आली. धूळ आज फारच होती, पाळण्यामुळे.

१२ सप्टेंबर, बुधवार

सिद्धान्ताला पुराव्यांवर पुरावे येत आहेत.

हिम्मतराव वकिलांनी उर्दू कायद्याची पुस्तकं आणून टाकली, दोन पोती. इथल्या कोर्टात जन्म घालवला, आता औरंगाबादला निघालेत. म्हणाले, जपून ठेवा, लाखाचा माल आहे. सरुबाई दवाखान्यात नर्स आहेत. त्यांची बदली परभणीला. त्यांनी पाटा ठेवला. वरवंटा बरोबर नेला. एक घंगाळ आलं आहे, कोणाचं ते सौ.लाही आठवत नाही.

माळ्याच्या तुळईने रात्री एकदा कण्हल्यासारखा आवाज केला. सौ. म्हणाली, गाव रिकामं व्हायलंय आणि आपलं छप्पर भरायलंय. म्हटलं, तेच तर मी छापायलोय.

बॅटरी घेऊन पलीकडच्या अर्ध्या माळ्यावर पाहिलं. मुकुंदरावांचे पितळी हंडे, ट्रंक, त्यांच्या पत्नी जयवंतावहिनींच्या सासूबाईंची वेताची पेटी, सगळं जिथल्या तिथे. त्यांनी इकडे काही ठेवायला दिलेलं नाही, तिकडून काही उतरवलेलंही नाही. सगळे जातील, मुकुंदराव हलणार नाहीत. चौदा वर्षं एका छपराखाली काढलेला माणूस आहे.

२३ सप्टेंबर, रविवार

शुभ वर्तमान!

सकाळी मुकुंदराव भिंतीवरून म्हणाले, हणमंतराव, एक विचारायचं होतं, राग मानू नका. आम्हाला लाकूड लागायलंय आणि बाजारात चांगलं मिळंना. ज्याच्या त्याच्या घरी सुतार बसलाय. तुमच्या फळ्या पडूनच आहेत, तर...

पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, विचारता काय, सगळ्या घ्या! तुमचं छप्पर नि माझं छप्पर वेगळं आहे का? ते छपराचं नाही हो, छपराचं नाही, ऐका तरी, असं काहीतरी म्हणत राहिले. विनय. म्हटलं, एक शब्द बोलू नका.

चार वर्षांनी स्वतःहून विषय काढला! घर सोडून जाणारा माणूस तक्तपोशी करतो का?

सौ.ने पापड उचलले, फळ्या गेल्या. मग मला म्हणाली, अहो, भावजी काय म्हणाले ते ऐकलंत ना नीट? म्हटलं, अक्षरन् अक्षर. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटतं मला व्यवहार कळत नाही.

बातमीपत्र: 'शहरातल्या मराठी घरांमध्ये सध्या सुतारकामाला ऊत आला आहे. हे स्थैर्याचं लक्षण होय.' आज खोकला नाही. पलीकडे अगदी शांत होतं. वाक्य ठेवलं.

३० सप्टेंबर, रविवार

पलीकडच्या अंगणात सुतार बसला. तोच, जो महिनाभर माझ्याकडे येणार होता. त्यांच्याकडे बोलावल्या दिवशी आला. असो. काम एकच आहे.

भिंतीवरून डोकावलो. फळ्या फार आखूड कापतोय. विचारलं, भाई, छत को इत्ते छोटे टुकडे कायकू? मान वर न करता म्हणाला, जित्ता बोले उत्ता काटरौं साब. 

बरोबर आहे. लांब फळी उन्हात वाकते. आखूड वाकत नाही.

७ ऑक्टोबर, रविवार

काम पद्धतशीर चाललं आहे. आखूड फळ्यांचे चौकोन केले, आणि चौकोन उभे-आडवे एकमेकांना ठोकले. पाच बाजूंनी बंद, वरून उघडे. तक्तपोशी आधी जमिनीवर जुळवून मग वर चढवायची अशी नवी रीत दिसते. बाजूंना सुंभाच्या दोऱ्याही लावल्यात, उचलायला. इंजिनिअरिंग.

एका बाजूवर काळ्या रंगात 'औरंगाबाद' लिहिलं आहे. लाकूड तिकडचं असावं.

लाकूड माझं आहे. निर्मलचं.

विचारलं नाही. शेजाऱ्याच्या अंगणात फार डोकावू नये.

१४ ऑक्टोबर, दसरा

सकाळी मुकुंदराव जम्मीची म्हणजे शमीची पानं घेऊन आले. सोनं दिलं, मिठी मारली. मिठी नेहमीपेक्षा लांबली. मी म्हटलं, अहो, सदरा चुरगळेल. तरी सोडली नाही. म्हणाले, हणमंतराव, या महिन्याच्या शेवटाला आम्ही... एवढं बोलून थांबले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी वर पाहिलं. धूळ पडतच होती. म्हटलं, बघा, म्हणूनच म्हणतो लवकर उरकून घेऊ. ते म्हणाले, काय उरकू? मी म्हटलं, तक्तपोशी. मुकुंदराव हसले, आणि मग बराच वेळ जोड्यांत पाय घालत राहिले.

जयवंतावहिनींनी सौ.ला तुळशीची कुंडी आणून दिली. दोघी मागच्या दारी बसून होत्या. कुंडी अंगणात आहे, माळ्यावर नाही. सबब सिद्धान्त तिला लागू होत नाही.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

बॅटरीने माळा पाहिला. मुकुंदरावांच्या बाजूला हंडे नाहीत.

दिवाळी जवळ आली. चिंच लावून घासायला उतरवले असतील.

२१ ऑक्टोबर, रविवार

ट्रंक नाही. वेताची पेटी नाही.

ट्रंकही घासत असतील.

बातमीपत्र लिहायला बसलो. 'हैदराबादेतला मराठी माणूस' इथपर्यंत लिहिलं. आज मोठ्याने वाचलं नाही. घसा बरा नाही.

२८ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळ

विश्वासघात.

सकाळी वाचनालयात जाऊन बसलो. पेपर वाचायचे होते. दाराशी बैलगाडी लागलेली दिसली होती, पण बैलगाड्या लागतातच. कालचा पेपर दोनदा वाचला. मग परवाचा. वाचनालयवाला म्हणाला, साब, आज घरमें मेहमान हैं क्या? म्हटलं, नाही. म्हणाला, तो फिर जाओ ना. दुपारची मनमाडची गाडी गेल्याची शिट्टी ऐकली आणि घरी आलो. काचीगुडा इथून लांब नाही, शिट्टी ऐकू येते. हे आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

पलीकडचं घर रिकामं. अंगणात भुसा. माझ्या फळ्यांचा.

सौ. स्टेशनवरून रडून आली होती. तिला विचारलं, हा माणूस एका शब्दाने मला बोलला का? चौदा वर्षं! एका शब्दाने? कायमची बदली घेतो, औरंगाबादला जातो, माझ्याच फळ्यांची खोकी करून नेतो, आणि मला पत्ता नाही!

सौ. म्हणाली, पाणी घ्या आधी. मग म्हणाली, ऑगस्टात सांगितलं, तुमचा शेवटचा पॅरा राहिला होता. फळ्या मागताना सांगितलं, खोक्यांसाठी हव्यात म्हणून. भिंतीच्या या बाजूला उभी राहून मी ऐकलं, तुम्ही नाही ऐकलं. दसऱ्याला सांगायला आले, तर तुम्ही तक्तपोशी काढून बसलात. आज बैलगाडी हलायच्या आधी भावजी दोनदा तुम्हाला शोधायला गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले. वहिनींना म्हणाले, त्यांना कळलंय सगळं, म्हणूनच ते घरी नाहीत.

हे शेवटचं तिने सांगायला नको होतं.

मी विचारलं, आणि तू? तुला माहीत होतं, तू का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगत होते की. रोजच सांगत होते. तुम्ही त्याला हं म्हणता.

हा दुसरा विश्वासघात.

धूर होता. अग्नी मनमाडच्या गाडीने गेला.

निश्चय: यापुढे छपराकडे मान वर करून बघायचं नाही. पडेल ते पडो.

३१ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळीची झाडलोट. तोंडाला उपरणं बांधून माळ्यावर चढलो. (छपराकडे पाहिलं नाही. माळा वेगळा, छप्पर वेगळं.)

मुकुंदरावांची बाजू झाडून लख्ख केलेली. कोपऱ्यातली जळमटंसुद्धा काढली होती. जयवंतावहिनींचं काम. जाणारा माणूस दुसऱ्याचं घर झाडून जातो, यावरून किती पक्का गेला ते समजतं.

मग माझी बाजू. उत्तमराव मास्तरांचा पाळणा खाली घेतला. दोन्ही दांड्या नाहीत. पाळण्यात पोर ठेवलं तर थेट जमिनीवर. हिम्मतरावांच्या लाखाच्या पोत्यात वाळवी होती. ती उर्दूत पुढे गेली होती, माझ्यापेक्षा. सरुबाईंचा पाटा मधोमध तडकलेला. घंगाळाला बुडाशी भोक. सौ.ने उजेडाकडे धरून दाखवलं. 

चांगलं ते बरोबर गेलं. नको होतं ते अमानत म्हणून राहिलं. 

सौ. खालून म्हणाली, टाकून देऊ का सगळं? म्हटलं, नको. लोकांनी विश्वासाने ठेवलंय. ती म्हणाली, तुमच्या त्या सिद्धान्ताचं काय करायचं? म्हटलं, तोही राहू दे वरच.

१ नोव्हेंबर, गुरुवार

आज नवं राज्य झालं. अबिदांच्या बाजारात रोषणाई. सौ. शेजारच्या आळीतल्या बायकांबरोबर पाहून आली. मी गेलो नाही.

एक चमत्कार. सकाळपासून टेबलावर बसलो आहे आणि रोजनिशीवर धूळ नाही. जेवणाच्या ताटात पडली. अंथरुणावर पडली. इथे नाही. नव्या राज्याचा कारभार बरा दिसतो.

३ नोव्हेंबर, पाडवा

टेबलावर धूळ नाही. आज वारा असूनही.

पलीकडे कर्नूलचं बिऱ्हाड आलं. तेही सेक्रेटरिएटातलेच. त्यांची राजधानी इकडे आली, म्हणून तेही आले. भिंतीवरून गोंगुऱ्याच्या, म्हणजे आपल्या अंबाडीच्या, फोडणीचा वास येतो. बाई सौ.ला हात जोडून काहीतरी बोलल्या, सौ.ही काहीतरी बोलली. दोघींना एकमेकींचं कळलं म्हणे. बायकांना कसं कळतं कोण जाणे.

६ नोव्हेंबर, मंगळवार

सौ.ला म्हटलं, टेबलावर धूळ का पडत नाही याचा मी विचार करतो आहे. माझ्या मते वाऱ्याची दिशा बदलली असावी. ती चहा ठेवता ठेवता म्हणाली, अहो, वर बघा.

म्हटलं, मी वर न बघण्याचा निश्चय केलेला आहे. ती म्हणाली, आज सोडा.

वर पाहिलं. टेबलाच्या नेमकं वर, वाशांच्या खाली, फळ्यांचा एक चौकोन मारलेला आहे. टेबलाएवढाच. आणखी थोडा, माझ्या खुर्चीपुरता, मागे वाढवलेला. सगळे तुकडे आखूड. खोकी करून उरलेले. माझ्याच फळ्या. एका फळीवर काळ्या रंगात 'औरंगा' एवढंच आहे, पुढचं कापलं गेलं.

सौ. म्हणाली, त्या दिवशी सकाळी तुम्ही वाचनालयात गेलात, तेव्हा भावजींनी सुतार आणला. बैलगाडी दारात थांबवून ठेवली. स्वतः टेबलावर चढून सुताराला जागा दाखवत होते, इथे बसतात, इथे कागद असतो, म्हणून. म्हणाले, सगळ्या छपराचं माझ्याच्यानं झालं नाही वहिनी, चार वर्षं नुसतं दिवाळीनंतर म्हणत राहिलो. खरं म्हणजे मलाच नको होती तक्तपोशी. छप्पर बंद झालं असतं तर ह्यांचं वाचणं ऐकू कुठून आलं असतं? 

मी म्हटलं, चहा गार झाला. झाला नव्हता.

विश्वासघाताची एक रीत असते. करायचा तर पुरता करावा. मागे राहिलेल्याला निदान मनसोक्त रागावता तरी येतं. इथे तेवढीही सोय ठेवली नाही. नऊ दिवस मी ज्या माणसाला शिव्या घातल्या, त्या त्याच्याच फळ्यांखाली बसून घातल्या. माझ्याच फळ्यांखाली. ते एकच.

आज फार वेळ वर बघत बसलो. मान दुखते आहे.

११ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ

साप्ताहिक आलं. पान तीनवर 'मराठवाडा वृत्त', खाली 'आमच्या औरंगाबादच्या वार्ताहराकडून'. कोण आहे माहीत नाही. भाषा बरी आहे, विशेषणं जास्त.

माझा मजकूर आधी सापडलाच नाही. मग सौ.ला सापडला. पान सातवर 'परप्रांत' म्हणून नवं सदर आहे. त्यात पाटण्याचा पूर आणि मद्रासच्या सर्कशीतला हत्ती यांच्यामध्ये चार ओळी. सिद्धान्त कापलेला. सुतारकाम कापलेलं. 'हैदराबादेत रोषणाई झाली' एवढं ठेवलं आहे. ती मी पाहिलीही नव्हती.

सौ. हं सुद्धा म्हणाली नाही. माझ्या हातातून पेपर घेतला आणि घडी घालून ठेवला. मग म्हणाली, भात टाकते.

लिहायला बसलो. लिहायचं थांबवून कसं चालेल? पान सात तर सात. चौकोनाखाली कागद स्वच्छ होता. फार स्वच्छ. पूर्वी फुंकर मारून सुरुवात करायचो, आता सुरुवात कुठून करावी ते समजत नाही.

एक वाक्य जमलं. 'हैदराबादेतला मराठी माणूस जिथे होता तिथेच, ठामपणे, पर्वतप्राय उभा आहे.'

मोठ्याने वाचलं.

थांबलो.

पलीकडे कर्नूलचे लोक अगदी गप्प होते. अतिशय सभ्य माणसं. मी वाचत असलो की ताटवाट्यांचासुद्धा आवाज करत नाहीत. त्यांना वाटत असावं, मी पूजा करतो.

पुन्हा वाचलं, जरा मोठ्याने. 'पर्वतप्राय' या जागी थोडा रेंगाळलो.

काही नाही.

मग स्वयंपाकघरातून सौ. खोकली.

नेमकी 'पर्वतप्राय'वर. थोडी उशिरा, सवय नसल्यामुळे.

तिकडे अजून उघडंच छप्पर आहे. घशात धूळ गेली असणार. आता स्वयंपाकघरावर तक्तपोशी करायलाच हवी. पुढच्या दिवाळीच्या आत. फळ्या बघायला हव्यात.

वाक्य काढलं.